एकच उमेदवार, मग निवडणूक कसली?

मावळात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे दिवस जवळ आले की एक शब्द वाडीवस्तीवर फिरू लागतो. तो शब्द म्हणजे 'बिनविरोध'. गाव एक झाले असे पुढारी सांगतात, गुलाल उधळला जातो, पेढे वाटले जातात, आणि ज्या मतासाठी आमच्या आज्यापणज्यांनी उभा जन्म वाट पाहिली त्या मताचे काम ते पेटीत पडण्यापूर्वीच उरकते. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतील शेतकरी, बलुतेदार व मजूर बांधवांपुढे आज आम्हांस हाच विषय मांडावयाचा आहे. गावाने एकदिलाने वागू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परंतु एकदिल आणि एकहाती या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि ते अंतर ज्यास दिसत नाही त्याच्या डोळ्यांदेखत त्याचे घर लुटले जाते.

हा मुलूख एके काळी राज्य होता हे तरुण मंडळी विसरत चालली आहेत. राजाराम महाराजांच्या काळी शंकराजी नारायण यांस सचिवपद मिळाले, आणि त्यांच्या वंशजांकडे पुढे भोरचे संस्थान चालत आले. साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावर पंतसचिव थेट इंग्रजांच्या छत्राखाली गेले. नऊ तोफांची सलामी, सुमारे सव्वानऊशे चौरस मैल मुलूख, आणि १९०१ च्या खानेसुमारीत सुमारे १ लाख ३७ हजार माणसे. युरोपात लक्झेंबर्ग म्हणून एक स्वतंत्र राष्ट्र आहे, आमचे भोर त्याहून थोडेच लहान होते. अंडोरा आणि लिकटेनस्टाईन ही राष्ट्रे तर भोरच्या पोटात सहज मावली असती. राजगड आणि तोरणा याच संस्थानात, आणि घाटाखालचा सुधागडही याच संस्थानात. राज्य लहान असले तरी राज्याचा सारा थाट होता: दरबार होता, कारभारी होते, तुरुंग होता, सारा वसूल करणारे कामगार होते. नव्हता तो एवढाच, की या सर्वांस जाब विचारण्याचा हक्क ज्यास आहे असा शेतकरी.

दक्षिणेतल्या पुष्कळ संस्थानांनी काळाची चाल ओळखून पुढे कायदेमंडळे काढली. त्यांत काही माणसे रयतेने निवडावयाची, काही दरबारने नेमावयाची, आणि शेवटचा शब्द राजाचा, अशी सर्वसाधारण तऱ्हा होती. ज्या सभेत बोलण्याची मुभा आहे परंतु 'नाही' म्हणण्याची ताकद नाही, तिला सभा म्हणावे की दरबाराची शोभा म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे. नीरेपलीकडे शिरवळला इंग्रजी अंमल होता. तेथेही स्वराज्य नव्हते. १९१९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील बहुतेक जिल्ह्यांत बत्तीस रुपये सारा भरणाऱ्या खातेदारासच मत दिले, आणि मराठे व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या. १९३५ च्या कायद्याने ही अट आठ रुपयांवर आणली. म्हणजे एकाच नदीच्या दोन काठांवर एकाच कुळीचे दोन भाऊबंद. पलीकडच्याने आठ रुपये सारा भरला तर त्यास मत, आणि अलीकडचा संस्थानी रयत, त्याचे नशीब दरबारच्या मर्जीवर. आणि ज्याला सारा भरण्याइतकी जमीनच नाही त्या न्हाव्याला, चांभाराला, महाराला, मांगाला दोन्हीकडे सारखेच कोरडे.

ज्याला मत नाही त्याचे काय होते, याची खूण आमच्या मुलखात पाण्याने भरलेली उभी आहे. ती खूण म्हणजे भाटघर. वेळवंडी नदीवर इंग्रजांनी पहिले धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधले, आणि त्यापुढचे मोठे लॉईड धरण १९२८ साली पुरे झाले. धरण भोर संस्थानच्या हद्दीत, बुडालेल्या जमिनी वेळवंड खोऱ्याच्या, आणि पाणी मात्र नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या बाजूस गेले. तिकडच्या शेतकऱ्याचे भले झाले याचे आम्हांस दुःख नाही. तोही आमचाच बांधव आहे. परंतु ज्याचे शेत बुडणार होते त्याचे मत घेण्याची सोयच त्या राज्यात नव्हती, ही गोष्ट आमच्या मुलांना सांगितलीच पाहिजे. शेजारच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला. तो १९२४ पर्यंत चालला, माणसे तुरुंगात गेली, तरी धरण झालेच. ज्यांच्या हाती मत नव्हते त्यांच्या हाती तेव्हा अंग आडवे टाकण्यापलीकडे काहीच नव्हते.

आता शेजारच्या औंध संस्थानाकडे पाहू. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या जानेवारीत आपली सत्ता रयतेच्या हवाली करणारी घटना मान्य केली. महात्मा गांधींनी तीत लक्ष घातले होते, मॉरिस फ्रीडमन नावाच्या परदेशी गृहस्थाने ती लिहिण्यास हात लावला, आणि राजपुत्र आप्पासाहेब पंत कामात पुढे होते. संस्थान इवलेसे: बहात्तर गावे, तीही चार ठिकाणी विखुरलेली. गावाने पंचायत निवडावी, पंचायतींतून तालुक्याची सभा व्हावी, आणि तालुक्यांतून राज्याचे विधिमंडळ उभे राहावे, अशी ती रचना होती. हिंदुस्थानात शेकडो संस्थानिक गादीला घट्ट धरून बसले असता एकाने आपण होऊन ती सोडली, याबद्दल त्या राजास जे श्रेय आहे ते आम्ही मोकळ्या मनाने देतो. ब्राह्मण राजाने चांगले केले तर ते चांगलेच म्हटले पाहिजे. जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक याहून निराळे शिकवीत नाही.

परंतु औंधच्या गोष्टीतला दुसरा अर्थही घेतला पाहिजे. ते राज्य वरून दिलेले होते. ज्याने दिले त्याच्याविरुद्ध कोणी उभे राहावे, त्यास हरवावे आणि तरीही गावात ताठ मानेने नांदावे, अशी सवय रयतेस लागण्यास जेवढी वर्षे पाहिजेत तेवढी त्या प्रयोगास मिळाली नाहीत. ८ मार्च १९४८ रोजी औंध आणि भोर ही दोन्ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. भोर-वेल्ह्याचा मुलूख पुणे जिल्ह्यात आला, आणि सुधागड कुलाब्याकडे गेला. राजा चांगला मिळाला म्हणजे दान चांगले मिळते. पण दान ते दान. हक्क त्याहून निराळा असतो, कारण तो देणाऱ्याची मर्जी फिरली तरी फिरत नाही.

जगात दुसरीकडे याच वर्षांत काय चालले होते तेही पाहण्यासारखे आहे. इटलीत मुसोलिनीने १९२९ च्या मार्चात निवडणूक घेतली. उमेदवारांची यादी एकच, चारशे नावांची, सरकारी पक्षाने ठरविलेली. मतदारास दोन चिठ्ठ्या: होकाराच्या चिठ्ठीवर राष्ट्राच्या निशाणाचे तीन रंग, आणि नकाराची चिठ्ठी कोरी पांढरी. कोण कोणती चिठ्ठी टाकतो हे पाहणाऱ्यास दिसू नये तर काय! शंभरांत अठ्ठ्याण्णवांहून अधिक होकार पडले. रशियात १९३६ ची नवी घटना झाल्यावर १२ डिसेंबर १९३७ रोजी सर्वोच्च सोव्हिएटची पहिली निवडणूक झाली. प्रौढ स्त्रीपुरुषांस मत होते, मतदान गुप्त होते, कागदावर सारे ठाकठीक. फक्त प्रत्येक जागेस उमेदवार एकच. शंभरांपैकी सत्त्याण्णवांच्या जवळपास मतदार आले, आणि त्यांतील अठ्ठ्याण्णवांहून अधिकांनी त्या एकाच उमेदवारास मत दिले, असे सरकारने जाहीर केले. त्याच वर्षी त्या देशात लाखो माणसे तुरुंगात पडत होती आणि गोळ्यांना बळी जात होती. म्हणजे ज्या राज्यात सर्व माणसे एकच बोलतात तेथे सर्वांचे एकमत असते असे नाही. पुष्कळदा तेथे सर्वांना एकच भीती असते.

दूरचे दाखले नकोत असे कोणी म्हणेल तर गोवा आपल्या दाराशीच आहे. साळाझारच्या राजवटीत गोव्यातून लिस्बनच्या विधिमंडळात प्रतिनिधी जात असत, परंतु ते सरकारच्या पसंतीचे असत, आणि कुळकायद्याची वाट पाहणाऱ्या गोव्याच्या कुळाला त्या विधिमंडळाचा पाटही दिसला नाही. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये तेथे पहिली मोकळी निवडणूक झाली. दिल्लीत काँग्रेसचे राज्य होते, गोवा सोडविल्याचे श्रेयही त्याच राज्याकडे होते, तेव्हा सगळ्यांना वाटले की गोवा काँग्रेसचाच. आणि झाले काय? गोव्यात काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. बहुजनसमाजाच्या जोरावर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुढे आला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी, १९६४ साली, तेथे कुळांच्या संरक्षणाचा कायदा झाला. भाटकार आणि कूळ यांच्यातला शेकडो वर्षांचा हिशेब एका मतपेटीने पुढे आणला. त्या निवडणुकीपूर्वी गोव्यातील मोठी माणसे एके ठिकाणी बसली असती आणि शांततेसाठी बिनविरोध करू या असे ठरले असते, तर कुळाच्या हाती काय पडले असते? नारळाची करवंटीदेखील नाही!

आता आपल्या घरचे. १९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, आणि सुमारे सतरा कोटी माणसांची नावे मतदारयादीत आली. बत्तीस रुपये नाहीत, आठ रुपये नाहीत, साऱ्याचा प्रश्नच नाही. माणूस असणे एवढेच पुरे. हे आपोआप घडले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे मताचा हक्क खाली उतरवावा म्हणून साक्ष दिली, आणि सायमन कमिशनच्या वेळी सर्व प्रौढांस मत द्यावे असा आग्रह धरला. ज्यांना शिक्षण नाही त्यांना मत कशाला, असे तेव्हा पुष्कळ शहाणी माणसे म्हणत. मत हेच अडाण्याचे शिक्षण आहे, हे उत्तर त्या काळी फार थोड्यांस सुचले.

त्या पहिल्या निवडणुकीत मुंबई राज्यात काँग्रेसने ३१५ पैकी २६९ जागा घेतल्या. एका पक्षाचे राज्यच म्हणा ना! कान्होजी जेध्यांचे कारी गाव भोर तालुक्यातले. त्याच कुळातले केशवराव जेधे त्या वेळी शेतकरी कामगार पक्षात होते, आणि १९५४ साली तेही काँग्रेसमध्ये परत गेले. तरीही हे एकपक्षी राज्य आणि रशियातले एकपक्षी राज्य यांत फरक होता. येथे विरोधकास उभे राहता येत होते. आणि उभे राहता येत होते म्हणूनच १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसच्या भल्याभल्यांस घरी बसविले, आणि १ मे १९६० रोजी मराठी राज्य झाले. २६९ जागांचा गर्व पाच वर्षांत उतरला. हे काम अर्जविनंत्यांनी झाले नसते.

आता आमचे खरे दुखणे सांगतो, आणि ते आमच्याच माणसांस झोंबणार आहे याची आम्हांस जाणीव आहे. राजा ब्राह्मण होता, कारभारी ब्राह्मण होते, तोवर दरबाराचा जुलूम आम्हांस चटकन दिसत असे. पुढे सोसायट्या आल्या, बाजारसमित्या आल्या, दूधसंघ आले, साखर कारखाने आले, जिल्हा परिषदा आल्या, आणि त्यांत आमची माणसे बसली. ही गोष्ट आनंदाची होती आणि आहे. परंतु बसलेली माणसे उठेनात. बापाची खुर्ची मुलास, मुलाची सुनेस, सुनेची पुतण्यास. पक्षाचे नाव बदलते, निशाण बदलते, गळ्यातला पट्टा रातोरात बदलतो, परंतु वाडा तोच. भोरच्या राजवाड्यात हल्ली सिनेमाचे खोटे दरबार भरतात. खरे दरबार गावोगावच्या नव्या बंगल्यांतून भरतात, आणि तेथे पंतसचिव नसून पाहुणे, सोयरे आणि भाऊबंद बसलेले असतात. भटशाहीविरुद्ध लढलेल्या चळवळीने आपल्या जातीची शाही डोक्यावर घेतली तर जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज काढला तो कशासाठी? पाट बदलण्यासाठी की पंगत बदलण्यासाठी?

मतदाराने मनावर घेतले म्हणजे काय होते हेही भोरने पाहिले आहे. २००९, २०१४ आणि २०१९ अशा तीन विधानसभांना या मतदारसंघाने एकच आमदार निवडून दिला. त्यांच्या आधी त्यांचे वडील अनेक वेळा निवडून आले होते. २०२४ मध्ये मतदारांनी बदल केला. तो बदल बरा की वाईट हा वाद आम्ही येथे घालीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की समोर दुसरा उमेदवार होता म्हणून मतदारास 'राहू द्या' किंवा 'पुरे झाले' यांपैकी काहीतरी म्हणता आले. आमदारकीस जे लागू, ते ग्रामपंचायतीस का लागू नसावे?

बिनविरोध निवडणूक कशी होते ते आता उघडपणे सांगू. कायदा साधा आहे: जेवढ्या जागा तेवढेच उमेदवार उरले की मतदान नाही, उरलेले निवडून आले. विधानसभा-लोकसभेसही हाच नियम आहे. २०२४ साली सुरतेची लोकसभेची जागा अशीच मतदानाशिवाय भरली गेली, आणि तेथील लाखो मतदारांना त्या वेळी मत देताच आले नाही. 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने मिळाले आहे. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली स्थानिक निवडणुकांत त्याला आणखी जोर दिला, की या बटणास सर्वांत अधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घ्यावी. परंतु यंत्रच ठेवले नाही तर बटण दाबावयाचे कोठे? तेव्हा सारी मेहनत अर्ज माघारी घेण्याच्या दिवसापर्यंत होते. कोणास सोसायटीच्या कर्जाची आठवण करून दिली जाते, कोणास मुलाच्या नोकरीचे आमिष, कोणास शेताच्या वाटेचा धाक, कोणास भावकीची शपथ. आणि ज्यास यांपैकी काहीच लागू पडत नाही त्यास सांगतात, 'गावासाठी माघार घे, पुढच्या वेळी तुझे बघू.' ती पुढची वेळ येता येता माणूस म्हातारा होतो.

कोठे कोठे तर लाजही राहिली नाही. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे गावच्या कारभाराचा लिलाव झाल्याचे उघड झाले, आणि राज्य निवडणूक आयोगाने १३ जानेवारी २०२१ रोजी त्या दोन्ही ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. बोली देवळाच्या नावाने होती म्हणतात. देवाच्या नावाने बैल विकला तरी विक्री ती विक्रीच! त्याच सुमारास काही ठिकाणच्या आमदारांनी बिनविरोध गावास लाखांचा निधी देऊ असे जाहीर केले. हा निधी कोणाचा? आमच्याच कराचा. आमच्याच पैशाने आमचेच मत विकत घेऊन वर त्यास बक्षीस म्हणणे, याहून मोठी थट्टा कोणती?

आणि जेथे निवडणूकच होत नाही तेथे काय? पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि त्यापुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे लोकनियुक्त सभासदांऐवजी प्रशासकाचा अंमल चालला. महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हा परिषदांची हीच गत होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले. त्या काळात रस्ता कोठून न्यावा, शाळेची खोली कोठे बांधावी, नळयोजना कोणत्या वाडीला द्यावी, हे ठरविणाऱ्यास मतदाराच्या दारात येण्याची गरजच उरली नव्हती. संस्थानी कारभाऱ्याचेही असेच होते. तो वाईटच असे असे नाही, पण बांधील वरच्याला असे.

आमच्यावर एक आक्षेप येणार, आणि तो खोटा नाही. लोक म्हणतात, 'निवडणुकीने गाव फुटते. भाऊ भावाशी बोलत नाही, कोंबडी आणि बाटली यांत घर बुडते, हरलेल्याचे शेत गहाण पडते आणि जिंकलेला ते पैसे वसूल करावयास बसतो. यापेक्षा पाच वडील माणसांनी बसून ठरविले तर काय बिघडले?' हे दुःख आम्ही जाणतो. पण भांडण मताने लागत नाही. मत विकत घेणाऱ्या पैशाने लागते, आणि तो पैसा ज्याच्या घरून निघतो तोच बहुधा पुढे बिनविरोधाचा उपदेश करावयास येतो. अंगणात विंचू निघाला म्हणून कोणी घराचे दार विटांनी बुजवून घेत नाही.

पाच माणसांनी बसून ठरविण्यास आमची हरकत नाही. ती पाच माणसे कोण, एवढेच आम्ही विचारतो. या मावळात पूर्वी गोतसभा बसत. निवाड्याच्या महजरावर पाटलाच्या नांगराची निशाणी उमटे, आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करीत. त्या काळी न्याय सर्वांस सारखा नव्हता, जातीची उतरंड पक्की होती, तेव्हा तो काळ परत यावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु सुताराची आणि चांभाराची निशाणी कागदावर लागत असे, हे तरी खरे. आजच्या बिनविरोधाच्या बैठकीत कोणाकोणाची निशाणी लागते? डोंगरावरच्या धनगरवाड्यातला कोणी बोलावला जातो काय? कातकरी वस्तीवरचा? महादेव कोळ्याच्या वाडीचा? न्हाव्यापरटाच्या आळीतली बाई? आंबवड्यास जिवा महालाची समाधी आहे. तेथे माथा टेकविणारे पुढारी पुष्कळ, पण जिवाच्या जातीच्या माणसास कोणत्याही प्रभागातून उभे राहू देणारे किती? राखीव जागेवरसुद्धा आपल्या ऐकण्यातला माणूस शोधून बसवितात. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांस आहेत. बिनविरोध झालेल्या बाईच्या नावे सही तिची आणि शब्द नवऱ्याचा, असा प्रकार ज्यांनी पाहिला नाही असे गाव दाखवा. मते मागत दारोदार फिरलेली, विरोध सोसून निवडून आलेली बाई सहसा कोणाचे ऐकत नाही. म्हणूनच काहींना ती नको असते.

तेव्हा खरे एकमत आणि दाबलेले एकमत ओळखावे कसे? आम्ही चार कसोट्या सांगतो. पहिली: बैठक कोठे झाली, चावडीवर की कोणाच्या बंगल्यावर? दुसरी: बैठकीस वाड्यावस्त्यांतील माणसे व बाया होत्या काय, आणि त्या बोलल्या काय? तिसरी: माघार घेणाऱ्याने आपल्या तोंडाने चारचौघांत कारण सांगितले काय? चौथी: मागील पाच वर्षांचा जमाखर्च त्या बैठकीत वाचून दाखविला काय? या चारींस 'होय' असे उत्तर असेल तर ते गाव खुशाल बिनविरोध करावे. आम्ही स्वतः जाऊन त्या गावचा गुळ खाऊ. एकाही प्रश्नास उत्तर 'नाही' असेल, तर ती निवड नव्हे, नेमणूक आहे.

उपाय आमच्याच हाती आहेत आणि त्यांस फार पैसा लागत नाही. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावयाची असा कायदा आहे. तीस जावे, बाया-माणसांनी जावे, आणि खर्चाचा कागद मागावा. प्रत्येक वाडीने निवडणुकीपूर्वीच आपला माणूस ठरवावा आणि माघारीच्या दिवशी त्यास एकटे सोडू नये. पाचजण त्याच्याबरोबर कचेरीत जाऊन बसले तरी धमकावणाऱ्याचे पाय लटपटतात. २०२२ पासून सरपंचही पुन्हा थेट मतदारांतून निवडला जातो. तेव्हा निदान त्या एका जागेस तरी दोन नावे असलीच पाहिजेत, असा नेम गावागावांनी करावा. हरलेल्याने जिंकलेल्याच्या घरी दुसऱ्या दिवशी जावे, आणि जिंकलेल्याने हरलेल्याच्या आळीचा नळ अगोदर दुरुस्त करावा. कुस्तीच्या फडात पडलेला पैलवान उठून जिंकलेल्याच्या पाठीवर थाप मारतो. मावळात ही रीत नवी नाही. फडात दुसरा पैलवान उतरलाच नाही तर मात्र इनामाचा नारळ हाती घेऊन फिरणाऱ्यास कोणी पैलवान म्हणत नाही.

वेल्हे तालुक्यास राजगडाचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. नाव मोठे आहे, आणि नावाबरोबर जबाबदारीही येते. पानशेत, वरसगाव, गुंजवणी, नीरा देवघर, भाटघर, एवढी धरणे या दोन तालुक्यांच्या अंगाखांद्यावर उभी आहेत. पुण्याची तहान येथून भागते, खालची उसाची शेते येथून पिकतात, आणि उन्हाळ्यात आमच्याच कित्येक वाड्या टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. हे कोणी विचारावयाचे? जो विरोधाशिवाय निवडून आला तो कोणाच्या जोरावर विचारणार, आणि विचारले नाही म्हणून त्याचे बिघडणार काय? भाटघरच्या वेळी आमच्या हाती मत नव्हते, म्हणून पाणी खाली गेले आणि आम्ही काठावर राहिलो. आता मत आहे. ते न वापरता परत केले तर पुढची पिढी राजाला बोल लावणार नाही, आम्हांसच लावील.

म्हणून आमचे भोर-वेल्ह्याच्या शेतकरी, कारागीर आणि मजूर बांधवांस, आणि विशेषेकरून भगिनींस, एकच सांगणे आहे. पुढच्या वेळी कोणी दारात येऊन 'गावाच्या भल्यासाठी अर्ज मागे घ्या' असे म्हणाला, तर त्यास पाट द्या, पाणी द्या, आणि शांतपणे विचारा: 'गावाचे भले एवढे सोपे असेल तर तुम्हीच का घेत नाही?'